बासांची पहिली ओळ

७ सप्टेंबर, गुरुवार

कुठेतरी पाणी मुरतंय.

आज चर्चच्या कॉयरच्या तालमीला गेलो तर माझी जागा गेलेली! खिडकीकडचं टोक, बासांच्या, म्हणजे खालचा सूर गाणाऱ्या पुरुषांच्या रांगेचं. तिथे मी उभा राहतो. माझ्या आधी माझा बाप उभा राहायचा. जोंगी मास्तर — कालचं पोर, माझ्या मांडीवर मुतलेलं, आता अख्खा कॉयर चालवतं — म्हणतो, "काका, तुम्ही आता मधे या. बिस्तोक तुमच्या मागे राहील. आवाज छान मिसळतात." म्हणजे इतकी वर्षं काय मिसळत नव्हते?

हा बिस्तोक सियांतारहून आलाय. फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान टाकलंय. बायको वारलेली. आवाज आहे, नाही म्हणत नाही मी. खाली गेला की बाक थरथरतं. पण आल्या दिवशी कूळ विचारलं तर म्हणाला, गुलतोम! म्हणजे माझ्या बायकोच्या, तियारच्या आईच्या माहेरचं कूळ. झालं! तिचा भाऊ लागला, माझा मेव्हणा. आता सासुरवाडीच्या कुळाला कोण उलटून बोलणार? मान खाली घालायची, पहिला मान त्यांना द्यायचा. "लाए, लाए" करत फिरतो माझ्यामागे, आणि मलाही त्याला लाए म्हणावं लागतं. मेव्हणे मेव्हणे!

सणाच्या स्पर्धेला बालिगेला जायचंय, महिनाअखेरीला, ऑक्टोबरच्या. गीत असं निवडलंय की पहिली ओळ बासांची, एकट्या बासांची. कीबोर्ड नाही, काही नाही. जोंगी शिट्टीवर सूर देणार आणि आम्ही पाच जण सुरू. म्हणजे मी सुरू, बाकीचे माझ्यामागे. या गावात बासांची पहिली ओळ मीच उचलतो. हे सगळ्यांना माहीत आहे.

बोट विकली. पोरगी, तियार, लग्न करून मेदानला गेली. ही ओळही काढून घेतली तर माझ्याकडे राहिलं काय?


८ सप्टेंबर

तियारची आई दिवसभर फुगलेली. म्हणे, किती हाका मारल्या. मारल्या असत्या तर आलो नसतो?


१० सप्टेंबर, रविवार

बायकांच्या गळ्यांना काय झालंय कोण जाणे. सोप्रानो म्हणजे नुसत्या पुटपुटतात. पूर्वी आमच्या चर्चमध्ये बायकांनी वरचा सूर लावला की सरोवरावरच्या बोटीत ऐकू यायचा. मी स्वतः ऐकलाय, इंजिनाच्या ढणढणाटात! आता तोंडं तेवढी हलतात. पाळक साहेबही तसेच, प्रवचन म्हणजे दाढीत काहीतरी बोलणं.

आज एक प्रकार झाला. गीताचं तिसरं कडवं संपलं आणि सगळे गप्प. मी चौथं सुरू केलं. एकटाच! पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. पाळक साहेबांनी म्हणे आधीच सांगितलं होतं, तीनच कडवी. कधी सांगितलं? पण थांबलो नाही. थांबायचं कसं? मग अल्टोंच्या, बायकांच्या खालच्या सुराच्या, रांगेतून तियारच्या आईने उचललं. तिच्याशेजारी दुमारिसने उचललं. मग सगळ्यांनीच. पाळक साहेब पुस्तक मिटून उभे होते ते तसेच उभे राहिले, कडवं पुरं होईपर्यंत.

घरी येताना म्हटलं, "बघितलंस? चौथं होतंच."

"हो," म्हणाली. एवढंच. आणि माझ्याकडे बघितलं नाही. का बघितलं नाही?


१४ सप्टेंबर, गुरुवार

पाठीला हात लावतो!!

ओळ सुरू व्हायच्या क्षणी मागून दोन बोटं. टक. खांद्याच्या खाली, मणक्याजवळ. मी वळून बघितलं तर बत्तीशी दाखवली. "माफ करा लाए, गर्दी आहे." कसली गर्दी? मागची रांग अर्धी रिकामी!

दुसऱ्यांदा घेतलं, पुन्हा टक. मी काय म्हैस आहे हाकायला?

कुळाचा मान आडवा आला म्हणून. नाहीतर दाखवला असता इंगा.

आणखी एक. जोंगीने आज कीबोर्डचं झाकण उघडलंच नाही. पूर्वी मधे मधे वाजवून बघायचा, पट्टी बरोबर आहे का ते. आता सूर एकदाच देतो, शिट्टीवर, आणि शेवटी तपासत नाही. विचारलं तर म्हणाला, "सवय व्हायला पाहिजे, काका." बोलताना दुमारिसकडे बघत होता. दुमारिस छताकडे.


१९ सप्टेंबर, मंगळवार

आज जे ऐकलं ते लिहावं की नाही, याच विचारात संध्याकाळ गेली.

तियारची आई मासा करत होती. हळद लावलेला, तिरफळ घातलेला, तोंडाला मुंग्या आणणारा, तिच्या हातचा. मी मागच्या ओट्यावर जाळं शिवत बसलेलो. ती गुणगुणत होती. ती नेहमीच गुणगुणते, त्यात काय! पण आज ते मला लख्ख ऐकू आलं. आणि ते अल्टो नव्हतं.

बास होता.

आमची ओळ! पहिली ओळ, श्वास घ्यायच्या जागेसकट. लग्न झाल्यापासून ही बाई अल्टो गाते. आमच्याकडे कोणालाही झोपेतून उठवा, तो आपलीच ओळ गाईल, दुसऱ्याची येतच नाही. तुम्पाल इतकी वर्षं माझ्याशेजारी बास गातोय, त्याला टेनरची, पुरुषांच्या वरच्या सुराची, एक ओळ म्हणून दाखव म्हटलं तर घाम फुटेल. मग हिला बास कुठून आला? माझ्याकडून नाही. मी घरी कधी गात नाही, मी तालमीतच गातो.

आणि तो श्वास. तिने श्वास घेतला तिथे मी घेत नाही. मी एक शब्द पुढे जाऊन घेतो. त्या जागी श्वास घेणारा माणूस आमच्या रांगेत एकच आहे.

शंकेची पाल चुकचुकली ती थांबेना. मासा गिळवला नाही.


२० सप्टेंबर

विचारलंच. "बास का गुणगुणतेस गं?"

भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला ऐकू यावं म्हणूनच."

काय बाई आहे! तोंडावर! चोर तो चोर आणि वर शिरजोर. मी ताडकन उठून बाहेर गेलो. कुत्रं आडवं आलं, त्याला ओरडलो. त्याची काय चूक?


२४ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर ताडीच्या गुत्त्यावर. तुम्पाल होता, बिस्तोकही होता. दोन पेले होऊ दिले आणि मग मी सापळा लावला.

हिशोब सरळ आहे. गुलतोम असेल तर तियारची आई त्याची बहीण, विषय संपला, बहिणीकडे वाकड्या नजरेने बघितलं तर जमीनसुद्धा त्याला पोटात घेणार नाही. पण नसेल तर? कूळ काय, कोणीही सांगतो. सियांतारचं कोण इथे येऊन खरं-खोटं करतंय!

म्हटलं, "लाए, शाखा कुठली तुमची? आणि पिढी कितवी?"

एका दमात सांगितलं. शाखा सांगितली, पिढी सांगितली, आज्याचं नाव, आज्याला पुरलंय ते गाव. वर म्हणतो, "ताईची आणि माझी एकच पिढी, लाए. म्हणून तर ताई म्हणतो."

तुम्पाल खो खो हसला. "ओजाक, बायकोच्या भावाची परीक्षा घेतोस? डुक्कर कापायला लागेल दंड म्हणून!"

पाठ केलं असेल. पाठ करायला काय लागतं?

मग त्यांनी गाणं सुरू केलं, गुत्त्यावर करतात तसं, तुम्पाल खाली, मालकीणबाईंचा नवरा वर, बिस्तोक कुठे जागा मिळेल तिथे. मी पेला हातात धरून बसलो. गुत्त्यावर गाणं चाललंय आणि मी गात नाही, असं पहिल्यांदाच झालं. कोणी आग्रह केला नाही. केला असेल तर मला कळलं नाही.


२६ सप्टेंबर, मंगळवार

तियारची आई म्हणाली, दुमारिसकडे जाऊन येते, मिरच्या निवडायच्यात. ठीक.

मी जाळं घेऊन किनाऱ्याकडे निघालो. दुमारिसच्या घरावरूनच रस्ता. दाराबाहेर चपला. बघतो तर काय, चपलाच चपला! पायरीवर, पायरीखाली, कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत. जोंगीचे ते निळे बूट. तुम्पालच्या, अंगठा झिजलेल्या. टायरच्या रबराचे जाड सोल लावलेल्या — त्या कोणाच्या ते सांगायला नको. आणि तियारच्या आईच्या, मी मागच्या नाताळात आणलेल्या, नीट जोडीने ठेवलेल्या.

अख्खा कॉयर आत! मी सोडून!

खिडकीखाली उभा राहिलो. बायकांचं काही ऐकू येईना, पण बास येत होता, भिंतीतून, पायाच्या तळव्यातून म्हटलं तरी चालेल. आमचीच ओळ. एकदा झाली. मग पुन्हा, पण पट्टी खाली. मग पुन्हा, त्याच्याही खाली. असं काय गातात? एकच ओळ चढ-उतार करत? मग टेनर त्या खालच्या पट्टीत मिसळले. मग थांबले, हसले.

हसले!

म्हणजे ठरलंय. बिस्तोकच्या गळ्याला कुठली पट्टी बसते ते बघतायत. त्याला पहिली ओळ द्यायची आणि माझी पट्टी मोडून काढायची. आणि हे सगळं माझ्या बायकोच्या समोर. बायकोच्या संमतीने!

जाळं तिथेच खुराड्यावर टाकून घरी आलो.

संध्याकाळी ती जाळं घेऊन आली. "हे दुमारिसकडे राहिलं," म्हणाली. मी ते खुंटीला अडकवलं. कितीतरी वेळ तिचा हात तसाच दाराच्या चौकटीवर.


२८ सप्टेंबर, गुरुवार

तालीम. जसं काही झालंच नाही. वा रे वा, ढोंगी लोक! तोंडावर "या काका, बसा काका."

दुमारिसने गळ्याला फडकं गुंडाळलेलं. म्हटलं, काय झालं? माझ्या कानाशी येऊन ओरडली, "खाली जाऊन जाऊन घसा बसला!" अल्टोला काय गरज खाली जायची? तेवढ्यात तियारच्या आईने तिला चिमटा काढला. मी बघितला. आंधळा नाही मी.

टक. पाठीवर. आज तर अख्खा पंजा ठेवला आणि काढलाच नाही, ओळ संपेपर्यंत. तळहात गरम. आणि त्याचा आवाज पाठीतून छातीत शिरतो, हे मला आवडत नाही. ओळ मात्र चांगली झाली. जोंगीने डोळे मिटले होते.


३ ऑक्टोबर, मंगळवार

मागोमाग गेलो. हो, गेलो! माझी बायको आहे, मला हक्क आहे.

फाट्यावरच्या चिंचोळ्या दुकानात ती एका आडव्या टायरवर बसलेली. बिस्तोक उकिडवा, हात काळे. दोघांची डोकी जवळ जवळ. तो काहीतरी म्हणायचा, ती म्हणायची. मग तो वळून बसला, तिच्याकडे पाठ करून. आणि तियारच्या आईने, माझ्या डोळ्यांदेखत, भर बाजारात, त्याच्या पाठीवर हात ठेवला. मणक्याजवळ. दोन बोटं, मग पंजा.

मी रस्त्याच्या पलीकडे केळीच्या गाड्याआड. गाड्यावरच्या बाईने विचारलं, "केळी हवीत का?" घेतली. काय करणार?

केळी घरी आणून ओट्यावर ठेवली. ती आली, म्हणाली, "अय्या, केळी! बाजारात गेला होतात?"

म्हटलं, "हो. बाजारात बरंच काही दिसतं."

तिचं तोंड उतरलं. पिशवी खाली ठेवली.


४ ऑक्टोबर

जेवलो नाही. केळी खाल्ली.


५ ऑक्टोबर, गुरुवार

तालमीला गेलो नाही. ताप आहे असं सांगितलं. ती गेली! नवऱ्याला ताप आहे आणि ही गेली!

मेदानहून तियारचा फोन. तीही हल्ली पुटपुटते. "बाबा, डॉक्टरकडे... बाबा, ऐका ना..." म्हटलं ताप खोटा आहे, डॉक्टर कशाला? फोन तिच्या आईला दिला असता, पण आई कॉयरमध्ये ना!


८ ऑक्टोबर, रविवार

तुम्पालशी भांडण. चाळीस वर्षांची दोस्ती, आज पहिल्यांदा.

गुत्त्यावर मी त्याला सगळं सांगितलं. चपला, टायर, पाठीवरचा हात, सगळं. माझं डोकं भडकलेलं, आवाज चढलेला. त्याने ऐकून घेतलं आणि टेबलावर मूठ आपटली. पेले उडाले.

"अरे बहिऱ्या! तुला ऐकू येत नाही! कळतंय का? ऐकू येत नाही तुला!"

मालकीणबाई आत गेल्या.

मी बहिरा? मी? आता तो ओरडला ते मला ऐकू आलं की नाही? पुरुषांचं बोलणं नीट येतं मला. इंजिनाचं एक पिस्टन बिघडलं तर मी सरोवराच्या मध्यावर कानाने सांगायचो कुठलं ते. यांना बोलता येत नाही धड, आणि खापर माझ्या कानांवर! माझं लक्ष दुसरीकडे वळवायला बघतोय. तोही सामील आहे. त्याच्याही चपला होत्या तिथे.

"आणि तो चौथ्या कडव्याचा दिवस?" तुम्पाल म्हणाला. हळू म्हणाला असेल, पण मी त्याच्या ओठांकडे बघत होतो.

उठून आलो.


९ ऑक्टोबर

घड्याळ कानाला लावून बघितलं. बंद आहे. किल्ली दिली. तरी बंद. तियारच्या आईला दाखवलं, म्हटलं बिघडलंय. तिने कानाला लावलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हो, बिघडलंय."

मग काटा कसा फिरतोय?


१२ ऑक्टोबर, गुरुवार

तालमीच्या आधी बिस्तोकच्या दुकानात गेलो. एकटा. त्याला म्हटलं, "लाए, तू गुलतोम असशील नाहीतर स्वर्गाचा देवदूत असशील. माझ्या बायकोपासून लांब राहा. आणि माझ्या पाठीवरून हात काढ."

हातातला टायर त्याने भिंतीला टेकवला. हात पुसले, खूप वेळ पुसत होता. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तोंड माझ्या तोंडासमोर, आणि सावकाश बोलला. सगळे शब्द ऐकू आले.

"ताईपासून लांब राहतो. पण मागे उभं राहू द्या, लाए. पहिली ओळ तुमची आहे. मला ती एकट्याला उचलता येत नाही, मला सुरुवातीची भीती वाटते. तुमची पाठ समोर असली की धीर येतो."

एवढा धिप्पाड माणूस आणि भीती! खोटं बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण खोटं बोलताना डोळ्यांत पाणी कशाला आणायचं? हे काही मला सुटेना.

राहू दे म्हटलं मागे. स्पर्धेपर्यंत. नंतर बघून घेईन.


१५ ऑक्टोबर, रविवार

तियारची आई अजून गुणगुणते. आता लपवतही नाही. माझ्या मागे उभी राहून भात उपसताना, माझ्या मागे उभी राहून अंगण झाडताना. नेहमी मागेच. मी बोलायचं सोडलंय.


२८ ऑक्टोबर, शनिवार

बिस्तोकच्या सासुरवाडीत मयत झालं! आज सकाळी निरोप आला आणि तो निघाला. सासुरवाडीचं मयत, जायलाच पाहिजे. तिथे गेला नाही तर माणसात जमा नाही. उद्याच्या स्पर्धेला तो नाही.

मेलेल्याच्या आत्म्याला शांती मिळो, पण देवा, तुझे उपकार! उद्या मागे कोणी नाही, पाठीवर कोणी नाही. उद्या सगळ्यांना दिसेल पहिली ओळ कोणाची आहे ते.

जोंगीचा चेहरा मात्र राखेसारखा. तियारच्या आईशी कोपऱ्यात बोलत होता. ती मान हलवत होती, हो हो म्हणत होती. आता आणखी काय शिजतंय?


३० ऑक्टोबर, सोमवार

काल लिहू शकलो नाही. आज लिहितो.

बालिगेचं मोठं चर्च, बाकं भरून, दारातही माणसं. आमची पाळी आली. सगळ्यांनी खांद्यावर उलोस, आमची सणाची विणलेली उपरणी, टाकलेले, आम्ही चढलो. मी मधे. मागे रिकामं. मला ते रिकामं पाठीवर जाणवत होतं, उघड्या दारासारखं.

जोंगीने शिट्टी तोंडाला लावली. गाल फुगले. आणि मला काही ऐकू आलं नाही.

काहीच नाही. मी त्याच्या गालांकडे बघत राहिलो. शिट्टी वाजली आहे हे मला त्याच्या गालांवरून कळलं! एवढी वर्षं ती शिट्टी ऐकतोय. आणि मग कळलं की हे आजचं नाही. कितीतरी दिवस मी ती ऐकलेलीच नाही. मी सूर घेत होतो तो शिट्टीवरून नाही, मागून, पाठीतून घेत होतो.

त्याचा हात वर गेला. आता हात खाली येणार आणि मी सुरू करायचं, आणि माझ्याकडे सूर नाही. एवढ्या माणसांसमोर. बापाची आठवण आली.

आणि पाठीवर दोन बोटं.

टक. मग पंजा. पण तो पंजा लहान. आणि कानाशी सूर, अगदी कानाशी, ओठ लागतील इतका जवळ, खालचा, खरखरीत, बाईच्या गळ्याला पेलणार नाही इतका खालचा. हळदीचा वास. मी सुरू केलं.

ओळ कशी गेली मला ठाऊक नाही. तिचा श्वास मात्र चुकीच्या जागी झाला, बिस्तोकच्या जागी, आणि मी हसलो असतो, पण गात होतो. ओळ संपली आणि सगळे आत आले. माझ्या अंगावर आले म्हणू. मग पुढचं सगळं सोपं होतं.

वळलो तेव्हा ती बासांच्या मागच्या रांगेत, एकटी बाई पुरुषांत, अल्टोंचा उलोस खांद्यावर. पुढच्या बाकांवर लोक बोट दाखवून हसत होते. ती ताठ उभी. अल्टोंच्या रांगेत तिच्या जागेवर खिंडार.

नंबर आला नाही. यायचाच नव्हता. बाई बासांत उभी! परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला टाळ्या मिळाल्या, उपचारापुरत्या.

परतीच्या बोटीत सगळ्यांनी पुन्हा तेच गीत म्हटलं. मी तियारच्या आईशेजारी बसलो, इंजिनापासून लांब. म्हटलं, "माझ्यामुळे नंबर गेला."

तिने माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडे वळवलं, बिस्तोकसारखं, सावकाश बोलली. "माझ्यामुळे गेला. मी रांग मोडली. तुमची ओळ चांगली झाली."

लाज वाटते. केळीच्या गाड्याआड उभा राहिलो त्याची लाज वाटते. भाऊ-बहिणीवर काय काय लिहिलंय मी या पानांत! फाडावी वाटतात. पण नाही फाडत. बिस्तोक आला की त्याच्या पाया पडणार. सासुरवाडीचा माणूस, पडलं तर बिघडत नाही.


१ नोव्हेंबर

तियारला फोन. मीच केला. डॉक्टरला दाखवायचं ठरलं. ती रडत होती बहुतेक.


५ नोव्हेंबर, रविवार

उपासना झाल्यावर जोंगीने स्पर्धेचं रेकॉर्डिंग आणलं, मोबाइलमध्ये. द्यायला मात्र बघेना. "काका, कशाला आता..." तियारच्या आईनेही हात पुढे केला काढून घ्यायला. पण तियारने मेदानहून मोठाले हेडफोन पाठवलेत, कानभर बसतात. आवाज पुरता वर केला आणि ऐकलं.

शिट्टी ऐकू आली! मग माझी ओळ. सूर बरोबर उचलला, तिने दिला तसा. आणि अर्ध्या ओळीपासून मी उतरलोय. भीतीने असेल, कानाने असेल. उतरतोय, उतरतोय. ओळ संपेपर्यंत पार खाली. शिट्टीची पट्टी कुठच्या कुठे वर राहिली. तियारची आई माझ्यासोबत उतरली. तुम्पाल उतरला. बाकीचे बास उतरले. आता टेनर येणार आणि सगळं उघडं पडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

टेनर माझ्या पट्टीत आले. अल्टो माझ्या पट्टीत. सोप्रानो, त्या पोरी, माझ्या पट्टीत. एकही जण वर राहिला नाही. शेवटी परीक्षकाने कीबोर्डवर मूळ सूर वाजवून बघितला, तेव्हा कळतं किती खाली गेलो ते. तिथेच नंबर गेला. बाई बासांत उभी होती म्हणून नाही.

त्या मंगळवारी, दुमारिसच्या घरात, ते हेच शिकत होते. मी जिथे पडेन तिथे यायला.

चारदा ऐकलं. मी कुठेच चुकलेला ऐकू येत नाही. सगळेच चुकलेत.